‘घेतलं आणि बरे झाले’ : साथीच्या काळात काढे, चूर्णं आणि कटाच्या गोष्टी कशा तपासाव्यात

साथ आली की प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याच्याकडे सगळे मोबाईल पुढे करतात. ‘हे खरं आहे का रे?’ मार्च २०२० पासून पुढची दोन वर्षं अशा माणसांनी बरंच सोसलं. काढ्याची कृती, कापूर-ओव्याची पुरचुंडी, नाकात लिंबाचे थेंब, टॉवरमुळे आलेली लाट, लशीतलं चुंबक असं सगळं एकाच दिवसात, एकाच ग्रुपवर यायचं. हा लेख त्या माणसासाठी आहे. पुढची साथ कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती आली की हेच मेसेज रोगाचं नाव बदलून फिरतील. म्हणून तपासण्याची रीत आत्ताच, डोकं शांत असताना शिकून ठेवावी.

उदाहरणं बहुतेक कोविडचीच घेतली आहेत, कारण ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पहिली पायरी : दावा नेमका काय आहे, ते कागदावर उतरवा

अख्खा मेसेज खरा की खोटा असं विचारू नका. त्यातून एक वाक्य काढा : कुणी, कोणत्या रुग्णाला, काय, किती दिवस दिलं आणि त्यातून काय झालं? यातली एखादी जागा रिकामी राहिली तर ती कोणती, तेही लिहून ठेवा. साथीच्या काळातले बहुतेक दावे इथेच अडतात. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या वाक्यात कोणती प्रतिकारशक्ती, कशी मोजली, आधी किती होती आणि नंतर किती झाली, यातलं काहीच नसतं.

शब्द कसे सरकतात हे पाहायचं असेल तर कोरोनिलचा प्रवास पाहा. २३ जून २०२० रोजी हरिद्वारमध्ये पतंजलीने हे औषध जाहीर केलं, तेव्हा दावा कोविड पूर्ण बरा करण्याचा होता, तोही सात दिवसांत आणि शंभर टक्के. त्याच दिवशी आयुष मंत्रालयाने, म्हणजे आयुर्वेदासारख्या पारंपरिक उपचारपद्धती पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने, जाहिरात थांबवून तपशील मागितले. उत्तराखंडच्या परवाना विभागाने सांगितलं की अर्ज प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधाचा होता, त्यात कोविडचा उल्लेखच नव्हता. पुढे तेच औषध ‘पूरक उपाय’ म्हणून बाजारात राहिलं. रोग बरा करणारं, मग प्रतिकारशक्ती वाढवणारं, मग पूरक. या तीन दाव्यांना तीन वेगळे पुरावे लागतात. विकणाऱ्याने मात्र पहिल्या दाव्याने गर्दी गोळा केली आणि पुरावा मागितल्यावर तिसऱ्याच्या आड आसरा घेतला.

तुमच्यापुढे आलेला दावा यातल्या कोणत्या पायरीवर उभा आहे, ते आधी ठरवा. प्रतिबंध, उपचार, लक्षणं कमी होणं आणि नुसतं बरं वाटणं या चार गोष्टी वेगळ्या आहेत. आल्याच्या गरम पाण्याने घसा शेकतो हे खरं. त्यावरून विषाणू मरतो असं होत नाही.

दुसरी पायरी : ज्यांनी घेतलं नाही, त्यांचं काय झालं?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा प्रश्न ठेवा. ‘आमच्या सोसायटीत वीस जणांनी काढा घेतला, सगळे बरे झाले.’ ठीक. त्याच सोसायटीत काढा न घेतलेल्या वीस जणांचं काय झालं? कोविडच्या पहिल्या लाटेत बहुसंख्य रुग्णांना सौम्य आजार झाला आणि ते कोणत्याही खास औषधाशिवाय बरे झाले. अशा रोगात तुम्ही काहीही द्या, वीसातले बहुतेक उठून बसणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळतं.

हा प्रश्न परदेशातून आलेली काही नवी टूम नाही. मुंबईने तो सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला होता. १८९६ साली शहरात प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या जीवाणूशास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. दोन्ही गट एकाच इमारतीत राहणारे, एकच अन्न खाणारे. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ जणांना झाला आणि दगावलं कुणीच नाही. आजच्या कसोटीवर ही चाचणी कच्ची आहे. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि कैद्यांची ‘स्वखुशी’ किती खरी मानायची हाही प्रश्न आहेच. पण दुसरा गट होता, म्हणून आकड्यांना अर्थ आला.

आता हाच प्रश्न कोरोनिलच्या चाचणीला विचारा. जयपूरच्या एका वैद्यकीय संस्थेत शंभराच्या आसपास लोकांवर ती झाली होती. ते सगळे लक्षणं नसलेले किंवा सौम्य लक्षणांचे रुग्ण होते. औषध न मिळालेल्या गटातले निम्म्याहून अधिक लोकही सातव्या दिवसापर्यंत निगेटिव्ह झाले होते. म्हणजे आपोआप बरे होणाऱ्यांचं प्रमाण मुळातच मोठं होतं. दाखल झालेला, ऑक्सिजनवर असलेला एकही रुग्ण त्या चाचणीत नव्हता, त्यामुळे ‘जीव वाचवतं’ असं म्हणायला त्यातून कसलाच आधार मिळत नाही. पत्रकार परिषदेत मात्र ऐकू आलं ते फक्त ‘शंभर टक्के’.

ही मोजपट्टी सगळ्यांना सारखीच लावा, नाहीतर तुमच्या बोलण्याला घरात वजन राहणार नाही. कोविडमध्ये आधुनिक वैद्यकानेही अपुऱ्या पुराव्यावर बरंच काही वाटलं. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरचं जुनं औषध सुचवलं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दीड हजारांवर दाखल रुग्णांना ते दिलं, तीन हजारांवर रुग्णांना दिलं नाही, आणि मृत्यूंमध्ये काही फायदा दिसला नाही. प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातल्या द्रवासाठी, तर लोक रात्ररात्र फोन करत दाते शोधत होते. आयसीएमआरनेच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली आणि निष्कर्ष निघाला की प्लाझ्माने आजार वाढणंही थांबत नाही, मृत्यूही टळत नाही. हा निष्कर्ष २०२० मध्येच छापून आला होता. तरी उपचारांच्या सूचनांतून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडला. दुसऱ्या लाटेत नातेवाइकांनी प्लाझ्मासाठी केलेली ती वणवण आठवली की आजही वाईट वाटतं.

गोव्यात मे २०२१ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा ते औषध चाचण्यांबाहेर वापरू नका असं सांगत होती. सप्टेंबर २०२१ मध्ये आयसीएमआरच्या उपचार-सूचनांतून आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दोन्ही गेली. घोषणा मंत्र्यांनी केली, पॅथी ‘अ‍ॅलोपॅथी’ होती, गोळी कंपनीची होती. पुरावा तरीही नव्हता.

‘रिकव्हरी’सारख्या चाचण्यांतूनच उपयोगाचं औषधही सापडलं. डेक्सामेथासोन हे जुनं, कुठेही मिळणारं, अत्यंत स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ‘रिकव्हरी’चे आकडे आले : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्या रुग्णांत सुमारे एक पंचमांशाने कमी, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा शून्य. ‘कोणत्या रुग्णाला?’ हा पहिल्या पायरीवरचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते यातून दिसतं. दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही, घरच्या घरी, चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडं घेतली गेली, आणि अनियंत्रित मधुमेह असलेल्यांत म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, भर पडली. महाराष्ट्राने त्याची मोठी किंमत मोजली.

‘म्हणजे तुमचा आयुर्वेदावर विश्वासच नाही’

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच, आणि त्याचं उत्तर मनापासून द्यायला हवं. वनस्पतीत औषध असू शकतं. चीनच्या तू योयो यांनी जुन्या चिनी ग्रंथांतल्या कृती चाळल्या. आर्टेमिसिया जातीची एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून घ्यावी अशी नोंद त्यांना मिळाली. मग उकळण्याऐवजी कमी तापमानाला अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, माणसांवर तपासला. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन निघालं. त्याने असंख्य जीव वाचवले, आणि २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं.

त्याच वनस्पतीची दुसरी गोष्टही ऐका. एप्रिल २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी आर्टेमिसियाचं ‘कोविड-ऑर्गॅनिक्स’ हे पेय जाहीर केलं, स्वतः कॅमेऱ्यापुढे प्यायलं. शाळकरी मुलांना ते वाटलं गेलं, आफ्रिकेतल्या इतर देशांनी मागवलं. चाचणीचे आकडे कुणापुढे ठेवलेच नाहीत. जुलैपर्यंत त्या देशातली रुग्णालयं भरून वाहू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यातच म्हटलं होतं की जगातल्या इतरांना मिळणारी औषधं ज्या कसोटीवर तपासली जातात, त्याच कसोटीवर तपासलेली औषधं मिळण्याचा हक्क आफ्रिकेतल्या लोकांनाही आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. न तपासलेलं औषध आपल्या माणसांना चालेल असं म्हणणं हा परंपरेचा मान नाही. आपल्या माणसांचा जीव त्यात स्वस्त धरला जातो.

तेव्हा घरात बोलताना ‘काढा बकवास आहे’ असं म्हणू नका. ‘तपासला आहे का, आणि तपासून काय निघालं’ एवढंच विचारा.

तिसरी पायरी : व्हिडिओतला माणूस पुढच्या आठवड्यात कुठे आहे?

मे २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात कृष्णपट्टणम या गावी एक स्थानिक वैद्य फुकट औषध वाटत होते. त्यात पोटात घ्यायची काही मिश्रणं होती आणि डोळ्यात घालायचे थेंब होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा व्हिडिओ देशभर फिरला : ऑक्सिजन खाली गेला होता, थेंब घातले आणि मिनिटांत बरं वाटलं, असं ते सांगत होते. त्यानंतर गावात हजारोंची रांग लागली, तीही संसर्ग शिखरावर असताना. थोड्याच दिवसांत त्या मुख्याध्यापकांची प्रकृती ढासळली, त्यांना सरकारी रुग्णालयात हलवावं लागलं आणि तिथे त्यांचं निधन झालं. राज्य सरकारने पुढे पोटात घ्यायच्या मिश्रणांना परवानगी दिली, थेंबांना तेव्हा दिली नाही. तज्ज्ञांच्या अहवालाचा आशय असा होता की मिश्रणं अपायकारक दिसत नाहीत, पण कोविड बरा होतो याला पुरावा नाही.

ते गृहस्थ खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना त्या क्षणी बरं वाटलं असेल. पण व्हिडिओ तिथेच संपतो आणि आजार पुढे चालू राहतो. पहिला व्हिडिओ लाखोंनी पाहिला, नंतरची बातमी त्यातल्या किती जणांपर्यंत पोहोचली असेल?

म्हणून अनुभवकथन आलं की तीन गोष्टी विचारा. हा माणूस नेमका कोणत्या तारखेला बोलतो आहे? त्याच वेळी तो दुसरे कोणते उपचार घेत होता? आणि आज तो कसा आहे? उत्तरं मिळाली नाहीत तर तो पुरावा धरू नका. ज्यांनी घेतलं आणि वाचले नाहीत, ते व्हिडिओ करायला येत नाहीत, हेही मनात असू द्या.

चौथी पायरी : शिक्के उलगडून पाहा

‘सरकारमान्य’, ‘डब्ल्यूएचओ प्रमाणित’, ‘क्लिनिकली टेस्टेड’, ‘परवाना क्रमांक अमुक’. हे शिक्के पाहिले की शिकलेली माणसंही गप्प होतात.

परवान्यापासून सुरुवात करू. आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. त्याचा अर्थ, राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने ते बनवायला परवानगी दिली आहे. औषधांच्या कायद्यात मान्य केलेल्या जुन्या ग्रंथांतले कल्प त्याच पद्धतीने बनवायचे असतील तर परवान्यासाठी नव्या रुग्णचाचण्या लागत नाहीत. म्हणजे परवाना खरा असू शकतो आणि तुमच्या रोगावर त्या औषधाचा उपयोग तरीही अजिबात तपासलेला नसू शकतो.

‘डब्ल्यूएचओ’चा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, शिक्का तर सगळ्यांत जास्त वापरला जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या उपस्थितीत कोरोनिल पुन्हा सादर झालं आणि डब्ल्यूएचओच्या प्रमाणपत्र योजनेचा उल्लेख झाला. संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाने लगेच सांगितलं की कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाच्या परिणामकारकतेचा आढावा आम्ही घेतलेला नाही, प्रमाणपत्रही दिलेलं नाही. पुढे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवरून कंपनीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये तिला वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. डब्ल्यूएचओच्या नावाचा दुसरा नमुना २०२० मधला : पाँडिचेरी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने मिरी, मध आणि आल्याचा उपाय शोधला आणि डब्ल्यूएचओने तो मान्य केला, असा मेसेज. विद्यापीठाने तो खोटा असल्याचं सांगितलं, तरी तो फिरतच राहिला.

‘चाचणी झाली आहे’ असा दावा असेल तर तपासायला जागा आहे. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या रुग्णचाचण्यांची आधी नोंदणी करणं बंधनकारक आहे, आणि ती नोंदवही, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया (सीटीआरआय), कुणालाही फुकट पाहता येते. संकेतस्थळावर औषधाचं किंवा संस्थेचं नाव टाका. नोंद सापडली म्हणजे औषध सिद्ध झालं असं समजू नका. नोंद म्हणजे फक्त ‘आम्ही असं करून पाहणार आहोत’ एवढं जाहीर करणं. नोंदीत मी आधी रुग्णांची संख्या पाहतो, मग दुसरा गट आहे का आणि त्याला काय दिलं जाणार आहे ते. त्यानंतर रुग्ण सौम्य की गंभीर, आणि यश कशाला म्हणायचं ठरवलं आहे. मृत्यू टळणं, दाखल व्हावं न लागणं आणि ‘उत्साह वाटणं’ यांत फार अंतर आहे. शेवटी नोंदणीची तारीख पाहतो. चाचणी सुरू झाल्यावर नोंदणी झाली असेल तर शंका घ्यायला जागा आहे. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा. त्यांना हे काम आवडतं.

मेसेजखाली एखाद्या डॉक्टरचं नाव असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा आयुर्वेदाच्या वैद्यांसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन यांच्या नोंदींत ते शोधता येतं. पण नोंदणीकृत डॉक्टरही चुकीचं बोलू शकतो, तेव्हा ही पायरी फक्त तोतया गाळण्यासाठी आहे.

पाचवी पायरी : ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना!’

इथे मात्र मी जरा कडक बोलणार आहे, कारण जीव इथेच जातात.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ आणि यकृताची सूज घेऊन सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती, प्रतिकारशक्तीसाठी. त्यातला एक रुग्ण दगावला. २०२१ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. घेणारे हजारो आणि त्रास झालेले थोडे, हे मान्य. ज्यांना झाला त्यांच्यापैकी काहींना आधीपासून यकृताचा छुपा आजार होता. पण तुम्हाला असा छुपा आजार नाही हे तुम्हाला कसं कळणार? आणि जात ओळखण्यात चूक होत असेल, तर दारची वेल तोडून काढा करणाऱ्या माणसाने काय करायचं?

कापराचंही तसंच. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची टंचाई असताना कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा मेसेज आला. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. इराणमध्ये २०२० च्या सुरुवातीला दारूने विषाणू मरतो ही अफवा पसरली, लोकांनी मिथेनॉल प्यायलं आणि शेकडो माणसं मेली, काही आंधळी झाली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

घरासाठी नियम साधा ठेवा. स्वयंपाकात असतं तेवढं आलं, हळद, तुळस चालू द्या. त्यावरून भांडू नका. रोज, जास्त मात्रेत, आठवडेच्या आठवडे चालणारा काढा, अर्क, चूर्ण, गोळी म्हणजे औषध. त्याला औषधाचे नियम लावा : कोण देतंय, किती दिवस, सोबत कोणती औषधं चालू आहेत. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय सुरू करूच नका. डोळ्यांत आणि नाकात घरगुती काहीही घालू नका.

आणि सगळ्यांत मोठा अपाय उशिराचा असतो. ‘दोन दिवस काढा घेऊन बघू’ यातले ते दोन दिवस. कोविडसाठी ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली जाणं, दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलणं ही निघण्याची वेळ होती. नव्या साथीत खुणा वेगळ्या असतील. पहिल्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या सूचनांतून त्या काढा, मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजवर लावा. काढा चालू असो वा नसो, खूण दिसली की निघायचं, हे घरात आधीच ठरलेलं असू द्या.

सहावी पायरी : कटाच्या गोष्टीतला खरा दाणा वेगळा काढा

कटाच्या गोष्टींवर हसू नये. त्यांच्या मुळाशी पुष्कळदा खरी जखम असते. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईत अफवा होती की रुग्णालयात नेतात ते मारायलाच. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याची विटंबना झाली, म्हणून राणीला माणसांची काळजं हवी आहेत, असंही लोक बोलत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. अफवा खोटी होती. पण पुण्यात गोरे सोल्जर घरांत घुसून झडत्या घेत होते, बायाबापड्यांना रस्त्यात तपासत होते, हे खरं होतं. जे सरकार असं वागतं त्याच्या लशीवर लोक विश्वास ठेवतील कसा?

कोविडमध्ये आपल्याकडे फिरलेला मेसेज आठवा : एका पॉझिटिव्ह रुग्णामागे दीड लाख मिळतात, म्हणून सगळ्यांना पॉझिटिव्ह दाखवतात. अशी कोणतीही योजना नव्हती. पण खासगी रुग्णालयांची अवाच्या सवा बिलं खरी होती. म्हणून तर मे २०२० मध्ये राज्य सरकारला ८० टक्के खाटांचे दर ठरवून द्यावे लागले : साध्या विलगीकरण कक्षाचे दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाचे ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. असा मेसेज आला की खरा दाणा आधी मान्य करा. ‘बिलात लूट झाली, हे बरोबर आहे, त्याची तक्रार करूया. पण त्यावरून आजारच खोटा होत नाही.’

मग तारखा लावा. मे २०२१ मध्ये दुसरी लाट फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे आली असा ऑडिओ फिरत होता. दूरसंचार विभागाने कंपन्यांना चाचण्यांची परवानगी दिली ती ४ मे २०२१ रोजी. महाराष्ट्रातली लाट त्याआधी, एप्रिलमध्येच टिपेला पोहोचली होती. १० मे रोजी खात्याने खुलासा केला की देशात कुठेच फाइव्ह-जीच्या चाचण्या अजून सुरू झालेल्या नाहीत. सेवा सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. कारण नंतर आलं आणि परिणाम आधी झाला, असं होत नसतं. तारखा लावायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

काही दावे घरातच तपासता येतात. जून २०२१ मध्ये नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या अंगाला दुसऱ्या डोसनंतर चमचे, नाणी चिकटतात अशी बातमी आली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं की घामट, गुळगुळीत त्वचेला नाणी कुणाचीही चिकटतात. पडताळायचं असेल तर त्याच जागी टाल्कम पावडर लावून पुन्हा पाहा. चुंबक पावडरला जुमानत नाही, घाम जुमानतो. आणि अर्धा मिलिलिटर लशीत चमचा धरून ठेवण्याइतकं चुंबक मावणार कुठे?

‘स्वस्त औषध दाबून ठेवतात’ या लाडक्या दाव्याला डेक्सामेथासोन हे उत्तर पुरेसं आहे. सगळ्यांत स्वस्त औषध उपयोगी निघालं, आणि ते काही दिवसांत जगभर वापरात आलं.

एक सावधगिरी. प्रत्येक गैरसोयीच्या प्रश्नाला ‘कट’ म्हणून उडवू नका. विषाणू मुळात आला कुठून, कंपन्यांनी किती नफा कमावला, लशींचे दुष्परिणाम किती आणि कोणते, हे रास्त प्रश्न आहेत आणि त्यांवर पुराव्याने बोलता येतं. मी एकच पारख वापरतो. समोरच्याला विचारा, ‘काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?’ त्याला उत्तर असेल तर चर्चा होऊ शकते. ‘पुरावा नाही, म्हणजेच तो लपवला आहे’ असं उत्तर आलं, तर तिथे थांबा.

सातवी पायरी : घरात कसं बोलायचं

ग्रुपवर सगळ्यांदेखत खोडून काढू नका. मोठ्या माणसाचा मान गेला की तो मत बदलत नाही, उलट पाय रोवून उभा राहतो. वेगळा फोन करा.

‘काका, तुमचा मेसेज वाचला. तुम्हाला सगळ्यांची काळजी वाटते म्हणून पाठवलात ना? मला एक सांगा, तो तुम्हाला कुणाकडून आला?’

‘अगं, आपल्या सुधाच्या दिरांनी पाठवला. ते फार्मसीतले आहेत.’

‘त्यांनी लिहिला, की त्यांनाही आला होता?’

इथे बहुतेक वेळा काका थांबतात. त्या थांबण्यात घाई करू नका. मग म्हणा, ‘मी शोधलं, मला कुठे चाचणी सापडली नाही. तुम्ही काढा घ्या हवं तर, पण मधुमेहाची गोळी बंद करू नका, आणि दम लागला तर मला रात्री दोनला फोन करा.’ काढ्यावरचा वाद जिंकण्यापेक्षा गोळी चालू राहणं आणि फोन येणं महत्त्वाचं आहे. मेसेज चुकीचा निघाला तर काकांनाच ग्रुपवर तसं लिहायला सांगा. त्यांचं ऐकतील, तुमचं ऐकणार नाहीत.

आधीच घेऊन झालं असेल तर

ओरडू नका, कारण ओरडलं की पुढच्या वेळी लपवतील. डोळे पिवळे होणं, गडद लघवी, सतत मळमळ, अंगाला खाज, पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखणं यातलं काही दिसलं तर ते चूर्ण किंवा काढा त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना ‘आयुर्वेदिक काहीतरी घेत होते’ एवढंच सांगू नका. पाकीट, बाटली, उरलेलं चूर्ण, बॅच नंबर आणि कधीपासून किती घेतलं ते लिहून न्या. दारची वेल असेल तर पानासकट फांदी पिशवीत घालून न्या. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकांनाही करता येते. रोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. तक्रारीसोबत जाहिरातीचा फोटो, ती दिसल्याची तारीख आणि खरेदीची पावती जोडा. बिल मागितलं नसेल तर निदान पैसे पाठवल्याचा मोबाईलवरचा संदेश जपून ठेवा.